स्टेपनीसकट पाच चाकं

"वैनी, एक जुनं उलथनं द्या. परत मिळणार नाही असं समजूनच द्या."

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. अंगात अण्णांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात रॉकेलचा डबा. दरोड्याला निघाल्यासारखा अवतार. माझी भाकरी तव्यावर होती. मी म्हटलं, "उलथनं कशाला?"

"चाकं खरवडायचीत."

भाकरी करपली ती तेव्हाच. कारण गेले दोन महिने आमच्या घरात चाकांचं नाव कुणी काढत नव्हतं.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे ठाण्याला नोकरीला, तिथं खोली मिळेपर्यंत मी सासरी, कृष्णेकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी. घरात अण्णा, म्हणजे माझे सासरे, सासूबाई आणि वन्सं. त्यांचं नाव हेमलता. माझ्याहून त्या दोन वर्षांनी मोठ्या, एमएस्सी झालेल्या, आणि बोलायला इतक्या कमी की माझ्यासारखीला सुरुवातीला तो अपमानच वाटायचा.

अण्णा विम्याचे एजंट. त्यांची एक जुनी फियाट होती आणि एक सवय होती. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की हॉर्न वाजवायचा, आणि गावात अनोळखी माणूस त्यांना कुणी नव्हतंच. त्यामुळे अण्णा कुठून कुठं चालले हे सगळ्या गावाला कळायचं. सासूबाई तर हॉर्न ऐकून पातेल्यात तांदूळ टाकायच्या. "आले बघ, सोनाराच्या दुकानाशी हायेत," म्हणायच्या, आणि भात शिजेपर्यंत अण्णा खरंच दारात असायचे.

मग वन्संचं लग्न ठरलं. स्थळ अण्णांनीच शोधलेलं. लेकीला सासरी आपल्याच गाडीतून सोडायचं म्हणून त्यांनी गाडी रंगवून आणली आणि चाकं घरीच रंगवायची ठरवलं. "चाकाला काय लागतंय? दोन दिवसांचं काम." गाडी अंगणात दगडांवर चढली. पहिलं चाक खरवडून झालं, दुसरं अर्धं झालं, आणि मध्यस्थ तात्या फाटकातून आत आले. चहासुद्धा न घेता त्यांनी सांगितलं की मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. कारण काही नाही. मुलाचं मन नाही, एवढंच.

अण्णांनी तारेचा ब्रश होता तिथं खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं कुठंतरी पॉलिसीच्या कामाला म्हणून गेले, संध्याकाळी परत आले आणि ओसरीवरच्या खुर्चीत बसले. ते बसले ते बसलेच. दाढी वाढली. ग्राहक फाटकापर्यंत येऊन परत जायला लागले. कुणी आलं की अण्णा आत उठून जात आणि सासूबाई बाहेर येऊन खोटं बोलत. गाडी दगडांवर, चाकं पेरूच्या झाडाखाली आडवी, त्यांच्यावर कोंबड्या. वन्संनी मात्र त्या सगळ्यात चिपळूणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली नोकरी मिळवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. घरात आनंद करावा की करू नये हे कुणालाच कळत नव्हतं.

तर ती शुक्रवारची सकाळ. मी उलथनं घेऊन बाहेर गेले. ओसरीवर अण्णा, तोंडासमोर पेपर. तो पेपर दोन दिवसांपूर्वीचा होता.

"वन्सं, सोमवारी तुम्हाला जायचंय. आता हे कशाला काढलंत?" मी हळूच विचारलं.

त्यांनी चाक पायानं फिरवून आपल्याकडे घेतलं. "गाडीनंच जायचंय म्हणून."

"अण्णा येणारेत?"

"विचारलेलं नाही."

"आणि नाही आले तर?"

वन्सं उलथन्यानं चिखलाची पापडी काढत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "तर मी पण जाणार नाही. एसटीनं गेले तर लोक म्हणतील, बाबरांची पोरगी तोंड लपवून गेली. म्हणू देत, मला काही नाही. पण मी तिकडं गेल्यावर हे इथं असेच बसून राहतील, आणि मला तिकडं जेवण जाणार नाही. हे आईला सांगू नका."

एवढं लांबलचक बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. हातातली नोकरी त्या या खुर्चीपायी पणाला लावून बसल्या होत्या, आणि खुर्चीतल्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. मी पदर खोचला आणि दुसरं चाक ओढलं.

चाक रंगवणं म्हणजे काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. रंग हे शेवटचं काम. त्याआधी नुसती झटापट. साबणाच्या पाण्यानं धुवा, रॉकेलनं ग्रीस काढा, तारेच्या ब्रशनं गंज पाडा, मग पॉलिश पेपरनं घासा, बोटं फिरवून बघा, परत घासा. माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या लाल भुरक्या झाल्या. सासूबाई मधूनच दारात येत, ओसरीकडे बघत, अंगणाकडे बघत आणि आत जात. दुपार टळता टळता पाची चाकांना तांबडा प्रायमर ब्रशनं लागला. कोंबड्या कोंडल्या. अण्णांनी सगळा दिवस पेपरचं पान उलटलं नाही.

शनिवारी चंदेरी रंग. तो ब्रशनं नीट लागत नाही, फटकारे दिसतात. म्हणून वन्संनी डासांवर मारायचा फ्लिटचा पंप रॉकेलनं धुऊन ठेवला होता. रंग थिनर घालून पाण्यासारखा केला. मग त्या चाकाकडे बघत उभ्या राहिल्या.

"टायर झाकायला पाहिजे, वैनी. नाहीतर सगळं चंदेरी होईल."

"पेपर लावू."

"पेपर मऊ आहे. कडेला टायर आणि लोखंडाच्या मधे फट असते, तिच्यात काहीतरी जाड खोचून गोल उभं केलं पाहिजे. कार्डासारखं."

बोलता बोलता त्या थांबल्या. मग आत गेल्या. माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. मी ओळखला. त्यांच्याच लग्नाच्या पत्रिका. छान जाड, एकपानी, पिवळसर. वाटायच्या राहिल्या त्या तशाच माळ्यावर गेल्या होत्या, कारण सगळ्यांवर वरच्या बाजूला गणपती छापलेला. टाकता येत नाही, जाळता येत नाही, आणि ठेववतही नाही.

वन्संनी सुतळी तोडली. पहिली पत्रिका घेतली आणि चाकाच्या कडेच्या फटीत खोचली. मग दुसरी, तिच्यावर थोडी चढवून. मग तिसरी. प्रत्येक पत्रिकेवर 'चि. सौ. कां. हेमलता' होतं आणि त्या स्वतः ते एकेक नाव तांबड्या चाकात बोटानं दाबून बसवत होत्या. चेहरा अगदी शांत. वाती वळताना असतो तसा. मला तेव्हा त्यांची भीती वाटली, खरंच सांगते, आणि त्या क्षणापासून मी त्या बाईला मनातल्या मनात नमस्कार करत आले आहे.

ओसरीवरचा पेपर खाली आला होता. अण्णा बघत होते.

तेवढ्यात सासूबाई धावत बाहेर. "अगं ए! गणपती हाय त्याच्यावर! रंग उडल की देवावर!"

"मग उलटी लावते, आई."

"म्हणजे देवाचं तोंड टायरला? कुठनं कुठनं गेलेलं टायर ते! शेण, माती, काय काय..."

"मग काय करू?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. आत जाऊन शिवणाची कात्री आणि पितळी ताम्हण घेऊन आल्या. पायरीवर बसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि एकेका पत्रिकेवरचा गणपती कापून ताम्हणात ठेवायला लागल्या. "ह्यांचं नदीत विसर्जन करू. खालचं घ्या तुम्ही, खाली माणसंच हायेत."

खाली माणसंच होती. एका बाजूला ती माणसं, ज्यांना मुलगी नको झाली होती, आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. कात्रीचा आवाज येत होता. ताम्हणात सुपारीएवढ्या गणपतींचा ढीग झाला. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र देवाच्या कानाला, सोंडेला धक्का न लावता अगदी गोल फिरत होते. गेल्या दोन महिन्यांत त्या आमच्यासमोर रडल्या नव्हत्या.

पत्रिका लावून झाल्या तेव्हा ते चाक मोठ्या सूर्यफुलासारखं दिसायला लागलं. वन्संनी पंप उचलला. फुस्स. फुस्स. मी चाक हळूहळू फिरवत होते. पत्रिकांवर थेंब उडत होते, नावं चंदेरी होत होती, आणि त्यांचा हात एकदाही अडला नाही.

एक चाक झालं. दुसरं झालं. वन्सं घाम पुसून म्हणाल्या, "होतील की चारही दुपारपर्यंत."

"आणि स्टेपनी?"

आवाज ओसरीवरून आला. घोगरा, न वापरलेला. आम्ही तिघी एकदम वळलो. अण्णा खुर्चीत पुढं सरकून बसले होते. दोन महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. आम्ही नुसत्याच बघत राहिलो म्हणून बहुधा ते चिडले.

"असं बघताय काय? पाचवं चाक दिसत न्हाई का? ती स्टेपनी काय तुझा बाप रंगवणार आहे?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "तोच."

मी ओठ दाताखाली धरला. सासूबाईंची कात्री थांबली. अण्णांचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. मग काहीतरी पुटपुटत ते उठले, पायरी उतरले आणि आमच्या चाकाची परीक्षा घ्यायला खाली वाकले. वाळलं आहे का ते बोटाच्या मागच्या बाजूनं बघितलं, आणि एकेक पत्रिका उपटून काढली.

"हे काय?"

चंदेरी चाक सुरेख झालं होतं. पण भोवतीच्या काळ्या टायरवर, ओळीनं, सगळीकडून, चंदेरी ठिपके उठले होते. नुसते गोल नाहीत. वर जरा निमुळते, दोन्ही बाजूंना कान फुटलेले. जिथं जिथं सासूबाईंनी गणपती कापला होता, तिथं तिथं भोकातून रंग आरपार गेला होता. तीन शहाण्यासुरत्या बायका सकाळपासून देवाचा मान सांभाळत होत्या आणि भोकातून रंग जातो हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

अण्णा बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. पण ते हसत होते. आधी नाकातून, मग पोटातून, मग चाक धरून खाली बसले आणि डोळे पुसत हसले. मी सासरी आल्यापासून त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. सासूबाई पण हसल्या आणि लगेच रागावल्या, "हसताय काय! मी आपली देवाला जपत हुते!"

"दे रॉकेलचं फडकं," अण्णा म्हणाले. "पुसून काढतो. पुरतं वाळलं नाही तोवर निघेल."

"थांबा!" सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "देवाच्या आकाराचं हाय ते. रॉकेलच्या फडक्यानं पुसता?"

"अगं, देव तू कापून काढलास ना? मग राहिलं काय?"

"त्याची जागा राहिली."

अण्णांनी फडकं ठेवलं. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. वन्संनी तिसरं चाक ओढलं आणि कापलेल्या पत्रिका परत तशाच खोचायला घेतल्या. अण्णा म्हणाले, "अगं, आता तरी भोकं झाक."

"दोन चाकांना ठिपके आणि दोन कोरी, बरं दिसतं का, अण्णा?"

मग अण्णाही पत्रिका खोचायला बसले. वन्सं एका बाजूनं, ते दुसऱ्या बाजूनं. मी पंपात रंग भरत होते. अर्धं चाक झालं असेल, आणि अण्णांचा हात एका पत्रिकेवर थांबला. तळाशी त्यांचंच नाव होतं. 'आपला नम्र, आनंदराव बाबर.'

"हेमा," ते म्हणाले. चाकाकडेच बघत होते. "त्या दिवशी मी पॉलिसीच्या कामाला नव्हतो गेलो."

वन्संनी एक पत्रिका उचलली.

"त्यांच्या घरी गेलो होतो. म्हातारा बाहेर आला नाही. पोरगा दारात उभा राहिला. मी..." त्यांनी पत्रिका अंगठ्यानं दाबून धरली. "मी त्याच्या पाया पडलो, हेमा. माझ्या पोरीला घ्या म्हणालो. त्या पोराच्या! तो मागंसुद्धा सरकला नाही. लोकांना काय, मी गावाला तोंड दाखवीन कधीही. पण सकाळी उठून तू चहा घेऊन समोर आलीस की वाटतं, ह्या पोरीला मी कुणाच्या पायावर घातलं."

मी हातात रंगाचा डबा घेऊन तशीच उभी. खुर्ची, दाढी, शिळा पेपर, सगळ्याचा अर्थ मला एका क्षणात कळला. हा माणूस गावापासून तोंड लपवत नव्हता. तो लेकीपासून लपत होता, आणि तेही तिच्या समोर बसून.

वन्संनी हातातली पत्रिका नीट बसवली. म्हणाल्या, "मला माहिती आहे, अण्णा."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या दिवशी तुमचे कपडे मी धुतले. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना शेण लागलं होतं. नुकत्याच सारवलेल्या जमिनीचं. पॉलिसीच्या कामाला कुणी गुडघ्यांवर बसत नाही."

अण्णांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. दोन महिने ही मुलगी ते पोटात ठेवून सकाळ संध्याकाळ त्यांना चहा देत होती. एक शब्द नाही, एक सुस्कारा नाही.

"तुला राग नाही आला?"

"आला. खूप आला. त्यांचा." वन्संनी पत्रिकेची कड सरळ केली. "तुम्ही वाकलात ते माझ्यासाठीच ना? मग आता माझ्यासाठीच ताठ बसायचं. स्टेअरिंगवर. मला सोडायला तुम्ही येणार. दिवसाढवळ्या, बाजारपेठेतून."

अण्णांनी आपल्या नावाची ती पत्रिका चाकात खोचली, हात पुढं केला आणि मला म्हणाले, "सूनबाई, आण तो पंप. हिला धरता येत नाही, लई जवळून मारते. रंग ओघळतो अशानं."

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली. चाकं बसवली. स्टेपनी डिकीत गेली, तिच्यावरही ठिपके. सामान चढलं. गाडी दगडांवरून खाली आली तेव्हा सासूबाईंनी चारी चाकांना हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि गणपतींची पुरचुंडी वन्संच्या ओटीत दिली. "पुलावर थांबा आणि सोडा. वरनं फेकू नका, खाली उतरून सोडा."

वन्सं माझ्या पाया पडायला वाकल्या. मी वहिनी, पण वयानं लहान. मी त्यांना मधेच धरलं आणि मलाच हुंदका फुटला. त्या माझ्या कानात एवढंच म्हणाल्या, "उलथनं नवीन घ्या."

फाटकातून गाडी बाहेर पडायला आणि समोरच्या रखमाकाकू घागर घेऊन यायला एकच गाठ पडली. काकू म्हणजे गावचं वर्तमानपत्र. गाडीकडे, चाकांच्या ठिपक्यांकडे, मागच्या सामानाकडे बघत त्यांनी विचारलंच, "काय आण्णा, लगीन जमलं व्हय पोरीचं पुन्यांदा? गाडी नटवलीया म्हणून इचारते."

सासूबाईंनी माझा दंड धरला. अण्णांनी काच पूर्ण खाली केली.

"लगीन न्हाई, काकू," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "लेक नोकरीला निघालीय. सोडायला चाललोय."

आणि गाडी निघाली. वेग आला तसे टायरवरचे ठिपके एकमेकांत मिसळले आणि चारी चाकांना चांदीचं एकेक अखंड कडं झालं. सकाळच्या उन्हात ते असं फिरत होतं की मी डोळे मिटायला विसरले. आमच्याच हातून, आमच्याच चुकीतून ते झालं होतं, आणि तरी ते आम्ही केलंय असं वाटेना. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

मी आत जायला वळले. सासूबाई हलल्या नाहीत. "थांब," म्हणाल्या.

मग हॉर्न वाजला.

"सोनाराचं दुकान," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा वाजला. "हे पोस्ट." पुन्हा, दोनदा. "हा दवाखाना. डॉक्टर बाहेर उभे असणार." मग वाजतच राहिला, एकामागून एक, सगळी बाजारपेठभर, दोन महिन्यांचं राहिलेलं सगळं त्याच सकाळी. सासूबाई डोळे मिटून फाटकाला धरून उभ्या होत्या आणि एकेक नाव घेत होत्या. शिंप्याचं दुकान. पिठाची गिरणी. नाका.

मग एकदम शांत झालं. बराच वेळ काही नाही.

"पुलावर थांबलेत," त्या म्हणाल्या. "खाली उतरायला येळ लागतो."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. भाजीवाला येऊन गेला. ऊन पायरीवर चढलं. आणि मग अगदी लांबून, नदीच्या पलीकडून, एक लांबच लांब हॉर्न आला. थांबेचना.

सासूबाईंनी हात जोडले. मग पदरानं डोळे पुसून त्या मला म्हणाल्या, "चल आता. संध्याकाळी परत यायचेत ते. तांदूळ निवडून ठेवू."